घाटावरचा मल्या, घाटाखालचा मल्या

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना गावाचं नाव बऱ्याचदा नंतर येतं. आधी येतं ते ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्यात आडवी पसरली आहे. तिच्या पाठीवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खालच्या सपाटीवर मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव. हा भेद पाण्याच्या बाबतीत सगळ्यात खोल आहे. बुलढाणा तालुक्यात मढ गावाजवळ, बुधनेश्वराच्या परिसरात पैनगंगा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. पावणेसातशे किलोमीटर वाहून ती वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगराच्या उत्तर अंगावर नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा उतरतात. त्यांचं पाणी पूर्णेला, पूर्णेचं चांगदेवला तापीला, आणि तापीचं सुरतेपुढे अरबी समुद्राला. एकाच तालुक्यातल्या दोन शिवारांचं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं. आणि तरीही या दोन्ही खोऱ्यांत, गोदावरीच्या आणि तापीच्याही, दगडाला तोंड लावून बसणारा एकच छोटा मासा सापडतो. शास्त्रात त्याचं नाव गारा मुल्या, मराठीत मल्या. ना त्याला पाय, ना पंख, आणि खारं पाणी त्याला सोसत नाही. मग तो घाटाच्या दोन्ही बाजूंना कसा? या प्रश्नाचं उत्तर माशापेक्षा नदीबद्दल अधिक सांगतं, असं माझं म्हणणं आहे. आणि हे उत्तर तपासून पाहण्याची मुदत आता संपत आली आहे.

आधी मासा पाहू. मल्या बोटभर लांबीचा. वीतभर भरला तर मोठाच म्हणायचा. अंग लांबट, पोट सपाट, पाठ गडद तपकिरी-हिरवट, म्हणजे ओल्या काळ्या दगडावर बसला तर वरून दिसूच नये अशी. कल्ल्याच्या फटीमागे एक गडद ठिपका. तोंड पुढे नाही, खाली, हनुवटीच्या बाजूला. त्याची खरी करामत या तोंडामागेच आहे. खालच्या ओठाचा मधला भाग पसरून त्याची एक गोलसर चकती झाली आहे. मधे मऊ गादी आणि भोवती बारीक फोडांसारख्या उंचवट्यांची झालर. ही चकती दगडावर दाबली की मासा चिकटून बसतो. छातीचे पर इतर माशांसारखे अंगाला लागून उभे नसतात, जमिनीला समांतर, दोन्ही बाजूंना पसरलेले असतात आणि दगडावर टेकतात. पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी इतर माशांत चांगली फुगीर असते. गाराच्या जातींत ती आक्रसलेली असते, कारण ज्याला तळाशी बसायचं आहे त्याला तरंगून काय करायचं? आतडं मात्र लांबलचक, वेटोळ्यांचं. दगडावरचं शेवाळ आणि डोळ्याला न दिसणाऱ्या डायटम वनस्पती खरवडून खाणाऱ्याला अशा हलक्या अन्नातून पोषण काढायचं तर लांब आतडंच लागतं. गवत खाणाऱ्या गाईचं पोट आणि मांस खाणाऱ्या वाघाचं पोट यांत जो फरक, तोच इथे.

शहरातल्या वाचकाला हा मासा अगदीच अनोळखी नसावा. मॉलमध्ये काचेच्या टाकीत पाय सोडून बसायचं आणि छोट्या माशांनी पायाची मेलेली कातडी खरवडून न्यायची, असा ‘फिश स्पा’ नावाचा प्रकार मध्यंतरी बोकाळला होता. त्यातला मूळ मासा गारा रूफा, तुर्कस्तानातल्या कंगालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे प्रसिद्ध झालेला. तो आपल्या मल्याचा चुलतभाऊ. गारा ही प्रजाती मोठी आहे, दीडशेहून अधिक जातींची, आणि आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, भारत ते दक्षिण चीनपर्यंत पसरलेली. इराण आणि ओमानमधल्या गुहांत तिच्यातले काही मासे डोळे गमावून बसले आहेत. बुलढाण्याचा मासा या पसाऱ्यातला एक साधा, मळखाऊ सदस्य. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘चिंता नको’ या रकान्यात आहे, आणि बाजारात त्याला भाव नाही. या दोन्ही गोष्टी पुढच्या युक्तिवादात कामाला येणार आहेत.

नावाबद्दल थोडं विषयांतर. हे नाव दिलं कर्नल विल्यम हेन्री साइक्सनं. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्यानं दख्खनची पाहणी केली आणि इथल्या माशांवरचा त्याचा प्रबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापला गेला. बहुतेक युरोपीय अभ्यासक नव्या जातीला एखाद्या मित्राचं, सरदाराचं किंवा अंगाच्या रंगाचं लॅटिन नाव देऊन मोकळे व्हायचे. साइक्सनं तेही केलं, पण पुष्कळ ठिकाणी भोयांच्या तोंडचं नावच लॅटिनच्या जागी ठेवलं. खरप्याला ‘कुर्पा’, शिंगटीला ‘सींगटी’, मुरीला ‘मूरे’. त्या काळी मराठी ‘अ’ इंग्रजीत लिहिताना ‘यू’ हे अक्षर वापरायची रीत होती. खुद्द दख्खनचं त्यानं ‘दुखुन’ केलं आहे. म्हणून ‘मुल्या’ हे वाचायचं मल्या किंवा मळ्या असं. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशाची बरणी असली तर तिच्यावरच्या चिठ्ठीवर एक मराठी शब्द आहे. वऱ्हाड मात्र तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, इंग्रजांकडे ते आलं १८५३ मध्ये. त्यामुळे पैनगंगेचा किंवा नळगंगेचा मल्या साइक्सच्या पाहणीत येण्याचं कारण नव्हतं.

आता मूळ प्रश्न. जीवशास्त्रज्ञ गोड्या पाण्यातल्या माशांत भेद करतात. काही कुळं थोडं खारं पाणी सोसतात आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं एका नदीच्या मुखातून दुसरीच्या मुखात शिरू शकतात. काही मुळीच सोसत नाहीत. मल्या ज्या कार्प कुळातला आहे ते दुसऱ्या प्रकारात मोडतं. म्हणजे गोदावरीच्या मुखातून निघून, कन्याकुमारीला वळसा घालून तापीच्या मुखात शिरण्याची वाट त्याला बंद. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पुष्कळ खाली होती आणि एकाच किनाऱ्यावरच्या शेजारच्या नद्या उघड्या पडलेल्या तळावर एकमेकींना मिळत असतील, हे खरं. पण तापी आणि गोदावरी शेजारच्या नाहीत, विरुद्ध किनाऱ्यांवरच्या आहेत. शिवाय हा खळखळत्या, दगडाळ ओढ्यातला मासा. मुखाजवळच्या चिखलात त्याचं काय काम? समुद्राची वाट अशी बंद झाली की उरते ती डोंगराची. आणि आणखी एक सीमा ठरलेली आहे. बुलढाण्याचा सगळा खडक हा ज्वालामुखीचा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर इथे पसरले. त्या तापलेल्या पसाऱ्यात कोणता ओढा उरला असेल आणि ओढ्यात कोणता मासा? आजचे सगळे मासे लाव्हा थंडावून त्यावर नद्या कोरल्या गेल्यानंतर कुठून तरी आलेले आहेत. इथे अनादिकाळापासून कोणीच नाही.

डोंगराची वाट म्हणजे नेमकी कोणती? नद्या एकमेकींचं पाणी चोरतात, ही ती वाट. भूशास्त्रात याला नदीचौर्य म्हणतात. शब्द नाट्यमय आहे, प्रक्रिया मात्र संथ. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे; घाटाखालचं मलकापूर किंवा शेगाव अडीचशे ते पावणेतीनशे मीटरवर. राजूर घाटातून उतरणाऱ्या कोणत्याही एसटीच्या प्रवाशाला हा फरक पोटात कळतो. नळगंगेला ही उंची काही थोड्या किलोमीटरांत उतरायची आहे. पैनगंगेला मात्र घाई नाही. ती पठारावरून शेकडो किलोमीटर रेंगाळत उतरते. उतार तीव्र तितकी पाण्याची झीज जास्त. म्हणून उत्तरेकडचे ओढे आपल्या उगमाकडे, म्हणजे दक्षिणेकडे, डोंगर खात मागे सरकत जातात. मागे सरकता सरकता त्यांतल्या एखाद्यानं पठारावरच्या, पैनगंगेकडे वाहणाऱ्या ओढ्याची कड फोडली, की तो ओढा त्या जागी मुरडतो आणि उत्तरेला कोसळू लागतो. त्याच्यात जे काही राहत होतं, मासे, खेकडे, शिंपले, ते एका पावसाळ्यात गोदावरीचं सोडून तापीचं होतं. माशानं डोंगर ओलांडलेला नसतो. डोंगराची कडच त्याच्या मागून सरकलेली असते. आपण पाणलोटाची रेषा नकाशावर पक्क्या शाईनं काढतो, पण ती रेषा घरंगळती आहे, आणि बुलढाण्यात ती दक्षिणेकडे घरंगळते आहे, असं इथल्या उतारांवरून मानायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढं सगळं कशाला, अंडी पक्ष्यांच्या पायाला चिकटून गेली असतील. हा तर्क डार्विनइतका जुना आहे, आणि पुष्कळ वर्षं त्याला प्रयोगाचा आधार नव्हता. तो २०२० मध्ये मिळाला, तोही अनपेक्षित वाटेनं. हंगेरीतल्या संशोधकांनी पाळीव मॅलार्ड बदकांना कार्प कुळातल्या दोन माशांची अंडी खाऊ घातली आणि विष्ठा तपासली. गिळलेल्या अंड्यांपैकी हजारी दोन अंडी जिवंत बाहेर पडली, आणि त्यातली काही उबलीही. म्हणजे पायाला चिकटून नव्हे, पोटातून. हजारी दोन हे प्रमाण क्षुल्लक वाटतं, पण लाखो वर्षं आणि लाखो बदकं यांचा गुणाकार केला की ते क्षुल्लक राहत नाही. तेव्हा हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. फक्त दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. आपल्याकडे बदकांचे मोठे थवे उत्तरेकडून थंडीत येतात; मल्याची वीण पावसाळी पाण्यातली. अंडी असतात तेव्हा पाहुणे नसतात, आणि पाहुणे येतात तेव्हा अंडी नसतात. हळदी-कुंकू बदकासारखे बारमाही राहणारे पक्षी उरतात, पण ते तळ्याच्या पाणवनस्पतींत चरतात. गोट्यांवरून धावणाऱ्या ओढ्यात त्यांचा वावर कमी. दुसरं असं की, पक्षी वाहून नेत असतील तर माशांची वाटणी विस्कळीत दिसायला हवी, कुठल्याही तळ्यात कोणताही मासा. प्रत्यक्षात ओढ्यातल्या माशांच्या वाटणीत खोऱ्यांचे आकार उमटलेले दिसतात.

दुसरा आक्षेप माशाच्याच अंगावरचा. दगडाला चिकटणारा मासा ओल्या कातळावरून वर चढू शकतो. गाराच्या जाती धबधब्याशेजारच्या भिजलेल्या भिंतींवर चढताना पाहिलेल्या आहेत. मग संततधारेत, सगळं पठार पाण्यानं थबथबलेलं असताना, सपाट खिंडीतून तो सहज पलीकडे गेला नसेल का? गेला असेल. हा मार्ग मी नाकारत नाही; उलट नदीचौर्याचा हा सख्खा भाऊ आहे. दोन्हींत मासा उगमाजवळच पाणलोट ओलांडतो, दोन्हींत पाणलोटाची रेषा अभेद्य नसते. फरक इतकाच की पहिल्यात रेषा हलते, दुसऱ्यात ती काही तासांपुरती बुडते. माणसानं नेला असेल, हा तिसरा आक्षेप इतर माशांबाबत जबर आहे. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडतात, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. तिलापिया १९५२ मध्ये देशात आला आणि आता कुठे नाही ते विचारावं. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे विहिरींत, डबक्यांत सोडले जातात. या माशांची आजची वाटणी पाहून नद्यांचा इतिहास लिहायला बसलो तर आपल्या हाती मत्स्य विभागाचा आणि आरोग्य विभागाचा इतिहास लागेल. मल्याचं महत्त्व इथेच कळतं. त्याला भाव नाही, म्हणून त्याला कोणी मुद्दाम कुठे नेलं नाही. मोठा मासा फिरतो, विकला जातो, सोडला जातो. छोटा, निरुपयोगी, दगडाला चिकटलेला मासा जिथे होता तिथे राहतो. कोर्टात अशा साक्षीदाराला वजन असतं, ज्याचा खटल्यात कुठलाही हितसंबंध नाही. बोटुकल्यांच्या पिशवीतून चुकून काही मल्ये गेले असतील. पण ते जातील धरणात, डोंगरकुशीतल्या ओढ्याच्या उगमाशी नव्हे.

इथे लोणारचा मोह होतो. तिथे उल्का पाषाणावर आदळली, अलीकडच्या मापनाप्रमाणे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी, आणि चारी बाजूंनी बंद असं एक पाण्याचं भांडं तयार झालं. बाहेर पडणारा एकही प्रवाह नाही. बंद भांड्यात मासे आपोआप पोचतात का, याची याहून सुंदर परीक्षा निसर्गानं आखली नसती. पण निसर्गानंच ती बिघडवूनही टाकली. तळ्याचं पाणी इतकं क्षारयुक्त की मल्यासारखा मासा तिथे पोचला असता तरी टिकला नसता. माशांचा अभाव हा पोचता न आल्याचा पुरावा धरता येत नाही. तेव्हा लोणारला जिल्ह्याच्या प्रत्येक लेखात आणलंच पाहिजे असं नाही, एवढा धडा घेऊन पुढे जावं.

खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. दोन्ही बाजूंच्या माशांना आपण एक नाव दिलं म्हणून ते एक ठरतात का? फ्रान्सिस डे यानं १८७५ ते १८७८ या काळात ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात देशभरातले चकतीवाले मासे त्यानं बहुतांशी एकाच जातीच्या झोळीत टाकले. पुढे सुंदरलाल होरा यांनी १९२१ मध्ये भारतीय संग्रहालयाच्या नियतकालिकात गारावरचा अभ्यास छापून ती झोळी उलगडली आणि जाती वेगळ्या केल्या. हे उलगडणं अजून संपलेलं नाही. मुरींच्या इंडोरिओनेक्टिस या प्रजातीतली एव्हेझार्डी ही जात डे यानंच वर्णिलेली. दख्खनभर सापडणाऱ्या तिच्यासारख्या माशांना दीर्घकाळ तेच नाव चिकटवलं जात होतं. २०२१ मध्ये उत्तर सह्याद्रीतून याच प्रजातीच्या दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. दिसायला सारखे, आतून वेगळे. मल्याचंही तसंच निघालं तर? घाटावरचा एक आणि घाटाखालचा दुसरा निघाला तर हा सगळा युक्तिवाद कोसळतो, असं वाटू शकतं.

उलट, त्यानं युक्तिवादाला दात येतात. ‘एकच की वेगळे’ हा प्रश्न हो-नाहीत सुटत नाही. किती वेगळे आणि कसे वेगळे, हे महत्त्वाचं. समजा घाटाखालच्या माशांची वंशावळ पैनगंगेच्या माशांपासून फार जुन्या काळी, तळापासूनच फुटलेली दिसली. मग नदीचौर्य नको. मल्याचे पूर्वज आजचा पाणलोट ठरण्याच्या आधीपासून सगळीकडे होते आणि पूर्णेचं खोरं खचत गेलं तसे ते दोन तुकड्यांत पडले, असं मानावं लागेल. समजा नळगंगेचे मासे पैनगंगेच्या उगमाकडच्या माशांचे अगदी जवळचे निघाले, आणि खाली उमरखेड-माहूरकडचे पैनगंगेचे मासे त्या दोघांपासून दूर. मग घाटमाथ्यावर कधीतरी पाणी चोरीला गेलं, किंवा खिंड बुडाली, हे जवळपास सिद्ध. आणि समजा कुठलाच नमुना दिसला नाही, सगळीकडे सगळे मिसळलेले, तर बदकांची किंवा माणसांची बाजू वर. तीन कहाण्या, तीन वेगवेगळी भाकितं, आणि ती तपासायला लागतो तांदळाच्या दाण्याएवढा पराचा तुकडा. डे किंवा होरा यांच्याकडे हे साधन नव्हतं, ते आज आहे. जी कल्पना चुकीची ठरण्याची वाट आधीच सांगते तीच कल्पना तपासण्याच्या लायकीची, म्हणून दातांची गोष्ट.

होरांचंच उदाहरण इथे उपयोगी पडावं, कारण त्यांची मोठी कल्पना नेमकी या वाटेवर अडखळली. वेगवान ओढ्यातल्या माशांच्या शरीररचनेचा त्यांचा अभ्यास जगात नावाजलेला. त्यांना दिसलं की सह्याद्रीच्या दक्षिण भागातले काही मासे ईशान्य भारत आणि मलायाकडच्या माशांसारखे आहेत, मधल्या हजारभर मैलांत मात्र नाहीत. १९४० च्या दशकात त्यांनी ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला: हे मासे विंध्य-सातपुड्याच्या डोंगरओढ्यांतून, तेव्हाच्या अधिक पावसाळी हवामानात, पश्चिमेकडे सरकत आले. म्हणजे बुलढाण्याच्या उत्तर सीमेवर, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या मागे जी निळी रांग दिसते ती या सिद्धांतातला पूल. कल्पना भव्य होती आणि तिनं भारतीय प्राणिभूगोलाला अर्धं शतक खाद्य पुरवलं. पण तिच्यावरचा आक्षेप साधा होता. सारख्या ओढ्यात राहणाऱ्यांची अंगं सारखी घडतात; चपटं पोट आणि चिकटणारा ओठ हे नात्याचे पुरावे नसून धंद्याचे असू शकतात. लोहार कुठल्याही मुलखातला असो, दंड भरलेलेच असतात. जनुकीय अभ्यास सुरू झाल्यावर हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा निघाला. म्हणून मल्याच्या बाबतीत मी चकतीकडे नात्याचा पुरावा म्हणून बोट दाखवत नाही. चकती एवढंच सांगते की हा मासा वाहत्या पाण्याला आणि दगडाला बांधलेला आहे, म्हणून तो फारसा भटकत नाही. नातं रक्तातच शोधावं लागेल.

आणि हे शोधायला उशीर करून चालणार नाही, याची दोन कारणं बुलढाण्यातच आहेत. पहिलं लहान दिसतं. जिल्ह्यात पाऊस सात-आठशे मिलिमीटरचा. फाल्गुन-चैत्रात बहुतेक ओढे आटतात आणि मल्या, मुरी, खरप्या यांचं सगळं गणगोत मोजक्या डोहांत जगून पुढचा पावसाळा गाठतं. नाल्यांचं खोलीकरण करून माती-मुरूम महामार्गाला वापरायचा आणि खड्ड्यात पाणी साठवायचं, ही ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजलेली पद्धत पाण्यासाठी तहानलेल्या गावांना उपयोगी ठरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जेसीबीच्या खोऱ्याला डोह आणि गोट्यांची उथळ धार यांतला फरक कळत नाही. एकसारखा खोल, मऊ तळाचा चर तिलापियाला मानवतो. दगड खरवडणाऱ्याला तिथे खायलाच काही नाही. ‘चिंता नको’ हा शेरा सगळ्या देशातल्या मल्यांसाठी आहे, एखाद्या ओढ्यातल्या मल्यांसाठी नाही. आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या एखाद्या ओढ्यात, घाटमाथ्याजवळ दडलेलं आहे.

दुसरं कारण मोठं आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्चाचा आकडा ८७ हजार कोटींच्या पुढचा, सिंचनाचं उद्दिष्ट पावणेचार लाख हेक्टरांच्या घरातलं. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणापासून मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली, नळगंगा तापीच्या. म्हणजे जो पाणलोट ओलांडायला निसर्गाला कड झिजण्याची वाट पाहावी लागली तो आता काँक्रीटचा चर रोज ओलांडेल. कोणी म्हणेल, दगडातला मासा कालव्यातून कसला येतो? पण वाहतं पाणी, टणक तळ आणि त्यावर शेवाळाची पातळ साय, मल्याला एवढंच लागतं. अस्तर केलेल्या कालव्यात या तिन्ही गोष्टी असतात. शिवाय प्रश्न एकट्या मल्याचा नाही. अंडी, पिलं, शिंपल्यांच्या अळ्या, सगळंच पाण्याबरोबर येतं. कालवा होऊ नये असं मी म्हणत नाही. पश्चिम विदर्भाच्या शेतकऱ्याला मल्याच्या वंशावळीसाठी तहानलेलं ठेवा असं म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असेल किंवा धरणाच्या कडेला बंगला असलेला. म्हणणं एवढंच की पाणी एकदा मिसळलं की वर सांगितलेल्या तीन भाकितांतली कुठलीच तपासता येणार नाही. वंशावळीत सगळं मिसळलेलं दिसेल आणि ते बदकांनी मिसळलं, लाव्ह्यानंतरच्या नद्यांनी की पाटबंधारे खात्यानं, हे सांगणारं कोणी उरणार नाही. आज केलेली नोंद हीच पुढच्या सगळ्या तुलनांची पायरी.

त्यासाठी मोठी मोहीम लागत नाही. जिल्ह्यातली महाविद्यालयं अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. प्राणिशास्त्राचे विभाग त्यांत आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पाला विषय हवाच असतो. माशांच्या यादीचे प्रकल्प पुष्कळ झाले: अमुक धरणात तमुक जाती. यादीनं हा प्रश्न सुटत नाही, नमुन्यानं सुटतो. पैनगंगेच्या उगमाकडचे चार ओढे, नळगंगेचे चार, ज्ञानगंगा आणि विश्वगंगेचे दोन-दोन, खडकपूर्णेचे दोन, आणि तुलनेसाठी मेहकरच्या खालची पैनगंगा. पावसाळा ओसरल्यावर, पाणी निवळलं की, प्रत्येक ठिकाणी दहा-बारा मल्ये हातजाळ्यानं धरावेत, शेपटीच्या पराचा टोकाचा कण कापून घ्यावा आणि मासा परत सोडावा. पर पुन्हा भरून येतो. कण शुद्ध अल्कोहोलच्या कुपीत. क्रम लावण्याची सोय स्वतःकडे नसली तरी अडत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला आहे, आणि नीट जपलेली कुपी दहा वर्षांनीही वाचता येते. फक्त कुपीवर ओढ्याचं नाव, जवळचं गाव, घाटावरचा की घाटाखालचा, आणि तारीख, एवढं पेन्सिलीनं लिहायला विसरू नये; शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.